नारळाची पोच

परदेशी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सूचना लिहायला बसले, तेव्हा दत्ताराम शिवलकर स्वतः पणजीच्या पुढे गेलेले नव्हते. पण न केलेल्या प्रवासाबद्दल बोलताना माणसाच्या अंगी जो ठामपणा येतो, तो केलेल्या प्रवासाबद्दल कधी येत नाही. शिवाय त्यांच्यापाशी पासपोर्ट होता. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत बर्फाच्या कारखान्यात ते तेहतीस वर्षं भांडारपाल होते. तिथल्या मालकांनी एकदा भर सत्यनारायणाला सगळ्या कामगारांना बँकॉक दाखवायचं कबूल केलं. कामगारांनी पासपोर्ट काढले आणि मालक एकटेच बँकॉक बघून आले. तेव्हापासून तो पासपोर्ट देव्हाऱ्याखालच्या खणात कोराच्या कोरा पडून होता. भाट्याच्या खाडीपलीकडच्या त्यांच्या वाडीत मात्र तेवढ्यावरच दत्ताराम परदेशाचे जाणकार ठरले होते.

बोलावणं आलं ते त्यांना नाही, त्यांच्या आत्याला. ठमाबाईंना.

ठमाबाई म्हणजे पंचाहत्तरीची कीर्तनकार बाई. तरुणपणी डोक्यावर टोपली घेऊन बांगडे विकायच्या. त्यांनी खाडीच्या पुलाच्या अलीकडे हाळी दिली की पलीकडे लोक पातेली घेऊन दारात यायचे. पुढे तोच आवाज त्यांनी देवाच्या पायी वाहिला. त्यांचा सुदामा एकदा ऐकावा! पोह्यांची पुरचुंडी काखेत लपवत तो द्वारकेच्या वेशीवर येतो, तेव्हा समोर बसलेल्या बाया नकळत आपापल्या पदराची गाठ चाचपतात. तर त्या ठमाबाईंना मॉरिशसच्या मराठी मंडळींनी कार्तिकात तीन दिवसांच्या कीर्तनाला बोलावलं होतं. दत्तारामांचा पुतण्या अजिंक्य तिथं हॉटेलात स्वयंपाकी होता. त्यानेच हे जुळवून आणलं. पेटी आणि पेटीवाला तिथं मिळणार होता. इथून जायचं चौघांनी. ठमाबाई, तबल्यावर महिपत, आत्याच्या सोबतीला दत्तारामांची बायको दीपाली आणि झांजेला खुद्द दत्ताराम. चाळीस वर्षं त्यांनी आत्याच्या मागे उभं राहून झांज वाजवली होती आणि तिने टाकलेली ओळ झेलली होती. कधी नव्हे ते आता पुढे उभं राहायची वेळ आली. पासपोर्टवाले म्हणून ते पथकाचे मुख्य झाले.

मुख्य झाल्यापासून त्यांची झोप, भूक आणि बसकण, तिन्ही गेली. खुर्चीवर बसले तर गुडघा हलायचा, उभे राहिले तर खिसा चाचपायचे.

बाकीच्यांचे पासपोर्ट काढताना आधी जन्मतारखांचा घोळ झाला. आधार कार्डावर ठमाबाई एक जानेवारीच्या आणि महिपतही एक जानेवारीचा. "तुम्ही दोघं एकाच दिवसाची कशी?" असं चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं. "देवानं त्या दिवशी जोडकाम काढलं होतं रे बाबा," ठमाबाई म्हणाल्या आणि जन्ममरणावर असं निरूपण लावलं की हवालदार दीड तासाने टोपी हातात घेऊन, डोळे पुसत गेला. फोटोच्या वेळी "आजी, तोंड मिटा" म्हणून तिथला माणूस थकला. पन्नास वर्षं देवाचं नाव घेणारं तोंड, ते असं सांगून मिटतंय होय?

तर या गडबडीत दत्तारामांनी ठरवलं, पथकासाठी सूचनांचा एक कागद करावा. एकच कागद, नऊ कलमं. पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत ठेवावा. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हाताशी असावा. अशी साधी, सरळ कलमं. पण वाडीत कागद एकट्याने लिहिता येत नाही. कुंपणापलीकडून विनोदने मान वर काढली.

विनोद बारा वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्याने बावीस देश पाहिले होते, म्हणजे बावीस देशांच्या धक्क्यांची फाटकं. "दत्तादादा, स्वेटर लिवलास?"

"कशाला?"

"परदेश म्हणजे थंडी! माझे ओठ एकदा असे फुटले होते की महिनाभर शीळ घालता आली नाय."

स्वेटर हे कलम दहावं झालं. रत्नागिरीत स्वेटर मिळणं म्हणजे वाळवंटात होडी मिळण्यासारखं. शेवटी दीपालीने कोल्हापूरच्या भावाकडून चौघांना चार आणि जादाचे तीन, असे सात मागवले. मग कोणी म्हणालं, तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. सवय लागावी म्हणून दत्तारामांनी महिनाभर आधीच घरातली घड्याळं दीड तास मागे केली. परिणाम असा झाला की तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची काकडआरती चुकली. देवळात पोचले तर प्रसाद वाटून लोक घरी निघालेले. "काय मुख्य, आत्ताच मॉरिशसहून आलात वाटतं?" एक म्हातारा म्हणाला. त्यावर दत्तारामांनी घड्याळांचंही कलम घातलं: 'सवय विमानात करावी.'

नवाचे त्रेचाळीस झाले. तो कागद घेऊन ते तिकिटांचं काम करणाऱ्या हेतलकडे गेले. हेतल गुजराती, पण तीन पिढ्या रत्नागिरीत. मासे सोडून सगळं मराठीत करणारी. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "काका, काय सुंदर लिहिलंय हो! मी हे छापून सगळ्या गिऱ्हाइकांना देते. खाली तुमचं नाव घालते." आणि तिने खरोखर छापलं. 'परदेशी प्रथमच जाणाऱ्यांसाठी मौलिक सूचना. संकलक: दत्ताराम गो. शिवलकर.' संकलक! दत्तारामांनी तो कागद बसस्टँडवर कोणाच्या तरी हातात पाहिला, तेव्हा त्यांना अंगावर शाल पडल्यासारखं वाटलं.

छापून झाल्यावर हेतल म्हणाली, "काका, एक चुकलं हं. तिथं नोव्हेंबरात उन्हाळा असतो. स्वेटर नकोत."

पण छापलेला शब्द मागे घ्यायचा तर संकलकाने तोंड कुठे दाखवायचं? सगळे स्वेटर त्यांच्या बॅगेतच राहिले.

त्या कागदाचं पहिलं कलम इथं मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर उभं आहे. कलम असं होतं: 'कोणतेही फळ, बी, रोप किंवा नारळ सोबत नेऊ नये. चुकून नेल्यास जाहीर करावे. लपवणे हा देशाचा अपमान आहे.' यातलं शेवटचं वाक्य त्यांना रिक्षात सुचलं होतं आणि ते स्वतःवर फार खूश झाले होते.

निघायला नऊ दिवस राहिले, तेव्हा ठमाबाई म्हणाल्या, "अरे दत्तू, देवीला विचारलंस काय?"

विचारलं नव्हतं. त्रेचाळीस कलमांत देवी नव्हती.

आपल्याकडे वेशीबाहेर मोठ्या कामाला जायचं तर ग्रामदेवतेचा कौल घ्यावा लागतो. गाऱ्हाणं घालायचं, देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. गाऱ्हाणं घालायचा मान महिपतचा. बोटांत तबला आणि गळ्यात गाऱ्हाणं, असं ते घराणंच. महिपत उभा राहिला, कमरेला पंचा बांधला आणि सुरू झाला, "बा देवी महाराजा! खाडीच्या, खडपाच्या, पाण्यातल्या होडीच्या नि कातळावरच्या काजूच्या मालकिणी! ही तुझी लेकरां समुद्रापार जातायत, त्यांच्या वाटेतला काटा तू काढशील!"

"होय महाराजा!" सगळी वाडी म्हणाली.

पाकळी डावी पडली. दुसऱ्यांदा लावली. पुन्हा डावी.

दत्तारामांनी खिसा चाचपला. ठमाबाई शांत होत्या. "बरोबर हाय तिचं," त्या म्हणाल्या. "वेशीवरचा तिचा राखणदार आपल्या हद्दीपुरता. त्या मुलखात आपली राखण कोण करणार?"

मग देवळात वाद पेटला. आपल्या राखणदाराची हद्द समुद्रात कुठवर? एक म्हणाला, जाळं पोचतं तिथवर. विनोद म्हणाला, कायद्याने बारा सागरी मैल. "म्हणजे गणपतीपुळ्याच्या समोर गेलो की आमचं आम्ही?" महिपत त्याच्यावर खेकसला. "आणि माझा मामा गुहागरला बुडताना वाचला तो कोणी वाचवला? तुझ्या कायद्याने?" वाद मिटला तो ठमाबाईंच्या एका वाक्यावर. "परक्याच्या वेशीवर गेलं की तिथल्या राखणदाराला मान द्यायचा. मान दिला की तो आपला. एवढं साधं हाय."

महिपतने पुन्हा हात जोडले. "महाराजा, तुझ्या देवळातला नारळ त्या मुलखाच्या वेशीवर, तिथल्या राखणदाराच्या हातात देऊ! त्याशिवाय ही तुझी म्हातारी देवाच्या नावाचा एक शब्द गाणार नाय!"

उजवी पाकळी टपकन पडली.

"होय महाराजा!" वाडी गरजली. दत्ताराम सगळ्यात मोठ्याने ओरडले, कारण ओळ टाकली की झेलायची ही चाळीस वर्षांची सवय. तोंड मिटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण आत्ता काय कबूल केलं.

त्यानंतरचे आठ दिवस काय सांगावे! एका बाजूला देवीला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला छापलेलं पहिलं कलम. ते हेतलकडे गेले. तिने विमान कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, सुकं खोबरं हातातल्या सामानात चालणार नाही. पाण्याच्या नारळाबद्दल विचारलं तर उत्तर आलं की नियमावली पाहावी. नियमावलीत फणसाबद्दल होतं, लोणच्याबद्दल होतं, नारळ नव्हता. तिथल्या सरकारचं म्हणाल तर आधी परवाना काढावा लागेल असं हेतलला वाटत होतं आणि परवान्याला निघायच्या तारखेपेक्षा जास्त दिवस लागतील असंही.

"तिथं विकत घेऊ. तिथं काय नारळ नाहीत?" दत्ताराम आत्याला म्हणाले.

"देवळातला सांगितलाय."

"मग चांदीचा करून नेऊ?"

"सुदाम्यानं चांदीचे पोहे नेले होते काय रे?"

विनोद कुंपणावरून म्हणाला, "दादा, तुझं पहिलं कलम तर तोंडपाठ झालंय सगळ्यांना. माझी मेव्हणी दुबईला गेली, तिनं आईच्या हातची कोकमाची सोलंसुद्धा काढून ठेवली. म्हणाली, शिवलकरांनी लिहिलंय, देशाचा अपमान होतो."

दत्तारामांनी शेवटी मनाशी ठरवलं. नारळ न्यायचा नाही. तिथं पोचल्यावर आत्याची समजूत घालायची. कीर्तनाला चारशे माणसं बसलेली पाहून म्हातारी गाईलच. हा विचार केल्यावर त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. अंगणातून पडवीत, पडवीतून अंगणात त्यांच्या इतक्या खेपा झाल्या की दीपाली म्हणाली, "अहो, एका जागी बसा. सारवण उखडलं."

विमान मुंबईहून सकाळचं होतं. आपण खिडकीपाशी बसलोय, खाली ढग आहेत, हे दत्तारामांनी धड पाहिलंच नाही. पासपोर्ट आहे, चाचपला. तिकीट आहे, चाचपलं. ठमाबाई मात्र ढगांना हात जोडून "पांडुरंगा, काय तुझा कापूस!" म्हणाल्या आणि झोपल्या.

मग हवाईसुंदरीने एकेक कागद भरायला दिला. मुख्य म्हणून दत्तारामांनी चौघांचे भरले. फळ, रोप, बी, अन्न काही आहे काय? नाही. नाही. नाही. नाही. चारही ठिकाणी ठळक फुली मारली आणि सह्या घेतल्या. कागदाची घडी घालतात तोच डोळे मिटलेल्या ठमाबाई म्हणाल्या, "दत्तू, नारळ तुझ्या बॅगेत हाय हो. स्वेटरात गुंडाळून ठेवलाय. देवीचा नारळ मुख्याच्याच बॅगेत शोभतो."

दत्ताराम उभे राहिले. डोकं वरच्या फळीवर आपटलं. खाली बसले.

"दीपाली! तुला ठाऊक होतं?"

"मीच गुंडाळला," दीपाली म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काढला असता. आणि आत्या गायल्या नसत्या. मग जायचं कशाला, स्वेटर फिरवायला?"

पुढचे चार तास दत्ताराम विमानात चालले. पुढून मागे, मागून पुढे. पायी जायचं असतं तर तेवढ्यात त्यांनी निम्मा महासागर ओलांडला असता. हवाईसुंदरीने दोनदा पोट बरं आहे ना विचारलं, एकदा लिंबूपाणी दिलं. बॅग सामानाच्या पेटाऱ्यात, नारळ बॅगेत आणि खिशात आपल्या हाताने मारलेली खोटी फुली. गप्प राहावं तर? कदाचित निसटेलही. पण निसटला तर नारळ वेशीवर दिला असं कसं म्हणायचं? चोरून नेलेला मान तो काय मान! आणि सांगावं तर काढून घेतील, आत्याचं तोंड बंद, चारशे माणसं परत, आणि बसस्टँडवर लोक म्हणतील, संकलकच नारळासकट पकडला गेला.

ते महिपतजवळ थांबले. "महिपत, काय करू रे?"

महिपतने सीटच्या हातावर ठेका धरला होता. "पयलं कलम काय लिवलंस तू?"

"चुकून नेल्यास जाहीर करावे."

"मग? बरां लिवलंयस की. तसं कर."

स्वतः लिहिलेल्या त्रेचाळीस कलमांपैकी एक तरी आपल्यालाही लागू आहे, हे दत्तारामांना त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. त्यांनी नवा कागद मागून घेतला. 'होय'वर फुली मारली आणि पुढे इंग्रजीत लिहिलं: 'एक नारळ, देवीचा.'

उतरले तेव्हा दुपार होती आणि ऊन असं की भाट्याच्या वाळूवर मेमध्ये उभं राहावं. सामान तपासायच्या टेबलापाशी एक उंच, काळीसावळी बाई उभी होती. खाकी गणवेश, पायात जाड बूट, हातात तपासायची काळी दांडी. तिने कागद वाचला, दत्तारामांकडे पाहिलं आणि बॅग उघडायला सांगितली.

एक स्वेटर निघाला. दुसरा निघाला. मागची रांग बघू लागली. तिसरा, चौथा. एक लहान मुलगी आईला काहीतरी विचारून हसली. पाचवा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा होता. दत्तारामांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण तिथली फरशी कडक होती. सातव्यातून नारळ निघाला. शेंडीसकट, कुंकू लावलेला.

बाईने हातमोजे नीट केले आणि तो दोन्ही हातांत उचलला. "सर, हा आत नेता येणार नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "मला घ्यावा लागेल."

"घ्या," दत्ताराम म्हणाले. चारशे माणसं, तीन दिवस, अजिंक्यची अब्रू. सगळं त्या नारळाबरोबर चाललं होतं. त्यांची मागे वळून आत्याकडे पाहायची छाती होईना.

इतक्यात मागून महिपतचा आवाज आला.

"बा महाराजा!" महिपतने पंचा कमरेला बांधला होता. हात जोडलेले, डोळे त्या बाईवर. "या मुलखाच्या वेशीवर उभ्या असलेल्या, आल्यागेल्याचं गाठोडं बघणाऱ्या राखणदारा महाराजा! आमच्या देवीच्या देवळातला नारळ तू हातात घेतलास! आता ही लेकरां तुझ्या हद्दीत हायत, त्यांची राखण तू करशील!"

"होय महाराजा!" ठमाबाई आणि दीपाली म्हणाल्या. आणि लाजेने अर्धा झालेला एक माणूस सगळ्यात मोठ्याने ओरडला, "होय महाराजा!" रांग दचकली. दोन पोलीस वळले.

दत्तारामांच्या डोळ्यांपुढे लख्ख झालं. वेशीवर उभी, हातात दांडी, येणाऱ्याला अडवणारी. ही राखणदार नाही तर कोण? आणि नारळ तिच्या दोन्ही हातांत होता. त्यांनी दिलेला. स्वतःहून सांगून दिलेला.

"हे काय चाललंय?" बाईने विचारलं.

दत्तारामांनी आयुष्यातलं सगळं इंग्रजी गोळा केलं. "मॅडम, आम्ही घाबरलो होतो. आता नाही. आमच्या गावाने हा तुमच्यासाठीच पाठवलाय."

ती बाई हसली नाही. तिने नारळाकडे पाहिलं, मग ठमाबाईंकडे. मान किंचित झुकवली. मग खालून एक पुस्तक काढलं, त्यात लिहिलं, शिक्का मारला आणि एक पावती फाडून दत्तारामांच्या हातात दिली. 'जमा: नारळ, एक.' वर सरकारी मोहोर. "जाहीर केल्याबद्दल धन्यवाद, सर," ती म्हणाली.

"काय लिवलंय त्यात?" ठमाबाईंनी विचारलं.

दत्तारामांनी वाचून दाखवलं. ठमाबाईंनी पावती घेतली, कपाळाला लावली आणि पदराच्या गाठीत बांधली. "पन्नास वर्षं देवाला नारळ देतेय," त्या म्हणाल्या, "पोच पयल्यांदाच मिळाली."

आणि तिथंच, सामानाच्या गाडीवर एक हात ठेवून, सात स्वेटरांच्या ढिगाशेजारी, त्यांनी सुदाम्याच्या आख्यानाची पहिली ओळ उचलली. द्वारकेच्या वेशीवर पुरचुंडी लपवत उभ्या असलेल्या त्या बापड्याची. आवाज छताला लागला आणि परतला. दत्ताराम हातमोजेवाल्या बाईसमोरून बाजूला झाले, आपल्या जागेवर, आत्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि ओळ झेलली. खिसा त्यांनी एकदाही चाचपला नाही.

तीन दिवस कीर्तन झालं. ते कसं झालं ते सांगणं माझ्या आवाक्यातलं नाही. तिथल्या एका म्हातारीने शेवटच्या दिवशी पदरातून मूठभर पोहे आणून ठमाबाईंच्या हातावर ठेवले, एवढंच सांगतो.

पावती आता वाडीत देवीच्या पायाशी, काचेच्या चौकटीत आहे. हेतलने सूचना पुन्हा छापल्या. स्वेटरचं कलम दत्तारामांनी स्वतः खोडलं, आणि पहिल्या कलमाखाली एक नवं घातलं: 'देवाचा नारळ असेल तर तो बॅगेत वरच ठेवावा, मागण्याआधी द्यावा, आणि पोच घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.'